समोर येऊन बोला

आमच्या वॉर्डाची सदस्य नगरपालिकेच्या सभागृहात खिडकीला पाठ लावून बसते. पहिल्या दिवशी तिला पंख्याखालची खुर्ची दिली होती, मानाची म्हणून. तिनं ती स्वतः उचलली, खिडकीपाशी नेऊन ठेवली आणि बसली. शिपाई म्हणाला, "बाई, तिथं ऊन लागेल." ती म्हणाली, "मला लागू दे. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडला पाहिजे." कारण तिला ऐकू येत नाही. डाव्या कानानं अजिबात नाही, आणि उजव्यानं, घरावर वीज कोसळली तर कदाचित. समोरच्याचे ओठ दिसले की मात्र सगळं कळतं. लोकांना सोयीचं वाटेल त्यापेक्षा जरा जास्तच कळतं.

ही माझी थोरली जाऊ. घरात थोरली, म्हणून यंत्रमागाच्या शेडमध्येही थोरली, आणि आता अख्ख्या वॉर्डात थोरलीच. तोंडावर मी तिला ताई म्हणते, अहो-जाहो करते. इथं मात्र एकेरीवर येणार आहे. अहो-जाहो करत सांगायला बसले तर तिच्यावर चिडता येणार नाही, आणि तिच्यावर चिडल्याशिवाय हे सांगून होणार नाही. निवडणुकीला उभी राहायला तिनं आमचा जीव किती खाल्ला ते आमचं आम्हाला ठाऊक.

आधी शेडबद्दल सांगायला हवं. माग चालू असले की तिथं स्वतःचं खोकणंसुद्धा ऐकू येत नाही. प्रत्येक मागावर आडवा धागा नेणारा धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटत असतो, वरचे पत्रे थरथरत असतात, जमीन पायाखाली गुरगुरत असते. अशात घसा फोडून काय उपयोग. म्हणून आम्ही आवाज काढतच नाही. तोंड मोठं करून, शब्द तोडून, नुसत्या ओठांनी बोलतो. नवी मुलगी आली की आधी बावरते, सगळ्या बायका माशांसारख्या तोंड का उघडमीट करतायत ते तिला कळत नाही. मग एके दिवशी पलीकडच्या रांगेतली आपल्याच सासूबद्दल काय म्हणाली ते तिला लख्ख कळतं, हसू फुटतं आणि ती कायमची आमच्यातली होते.

मालकाला वाटायचं आम्ही गाणी गुणगुणतो. तो शेडमध्ये यायचा तोच नाकातोंडावर रुमाल धरून, कापसाची धूळ आत जाऊ नये म्हणून. एकदा त्यानं पाहुण्यांना कौतुकानं दाखवलं, बघा, बायका कशा आनंदात काम करतात. तेव्हा धाग्याच्या कांड्या भरणारी बाई त्याच्या चालण्याबद्दल काय म्हणत होती ते लिहिण्यासारखं नाही.

थोरली मागावर अनवाणी उभी राहायची. चपला भिंतीशी काढून ठेवायची आणि मग चार मागांच्या मधल्या पट्टीत दिवसभर फिरायची. आम्हाला वाटायचं, चपला झिजू नयेत म्हणून. आमच्या घरात काटकसर जरा जास्तच आहे. खरं कारण मला कळलं ते स्वयंपाकघरात. ती पाठमोरी उभी होती. मी मिठाचा डबा मागितला, परत मागितला, मग चढ्या आवाजात मागितला. ती ढिम्म. म्हटलं, काय बिनसलंय हिचं माझ्याशी. तेवढ्यात माझ्या हातून परात निसटली. तिनं आधी आपल्या पायाखालच्या फरशीकडे पाहिलं, आणि मग मागं वळली.

मी तोंडात बोट घालून उभी राहिले. तिनं दार लोटलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"धाकटी पोटात होती ना तुझी, तेव्हाच गेलं होतं बरंचसं." ती म्हणाली. "माग मी पायांनी ऐकते. धागा तुटला, धोटा अडकला, जमीन सांगते. पण मालकाला कळलं तर संपलं. म्हाताऱ्या जॉबरचं काय झालं ते पाहिलंस ना?"

पाहिलं होतं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. आमच्या म्हाताऱ्या जॉबरचे कान गेले, तसं मालकानं त्याला दुपारच्या सुट्टीतच घरी पाठवलं. बहिऱ्या माणसाला आरोळी ऐकू येत नाही, अपघात होईल, असा त्याचा नियम. त्याच शेडनं कान खायचे आणि कान गेले म्हणून त्याच शेडनं हाकलायचं, असा तो न्याय. थोरलीचे यजमान बेकरीत भट्टीवर आहेत, त्यांच्या एकट्याच्या कमाईत घर चाललं नसतं. आणि खरं सांगायचं तर पैसा हे निम्मंच कारण. चार मागांच्या मधे उभी असली की ती राणी असायची. ते तिला सोडायचं नव्हतं. मी कुणाला बोलणार नाही असं कबूल केलं.

आता दुसरा माणूस. आमच्या वॉर्डाचा जुना सदस्य. त्याला सगळे बिनविरोध म्हणायचे, कारण तो दर खेपेला तसाच निवडून यायचा. त्याच्याविरुद्ध अर्ज भरणाऱ्याला काही ना काही व्हायचंच. एकदा कोपऱ्यावरचा शिंपी उभा राहणार होता. तर आठवडाभर त्याच्या दुकानासमोर कुणीतरी गटार उकरून ठेवलं, गिऱ्हाईक फळीवरून कसरत करत आत यायचं. शिंप्यानं अर्ज मागं घेतला आणि गटार बुजलं. हा बिनविरोध आमच्या मालकाचा साडू. दोघांचं गूळपीठ होतं, एवढं सांगितलं की पुरे.

शेडच्या मागं नगरपालिकेचं पाळणाघर आहे. छप्पर गळकं, पण जागा मोठी आणि सांभाळणारी बाई मायाळू. आमची सगळ्यांची पोरं तिथंच वाढली. माझी धाकटी तेव्हा तिथंच होती. एका दुपारी बिनविरोध शेडवर आला. मालक आणि तो दारात उभे राहून बोलू लागले. मुद्दाम तिथं, कारण इतक्या खडखडाटात कोण ऐकणार. दारात मोकळी हवा, म्हणून मालकानं रुमालही खाली घेतला होता. आम्ही सगळ्या बघत होतो. बिनविरोध म्हणाला, "निवडणूक होऊ दे. मग पाळणाघर मोडकळीला आलंय असा शेरा मारून घेतो. जागा तुझ्या गोदामाला." मालक म्हणाला, "बायका ओरडतील." बिनविरोध म्हणाला, "ओरडू दे. दोन दिवस."

थोरलीनं आपले चारही माग बंद केले. आजारी असतानाही तिनं असं कधी केलं नव्हतं. अनवाणीच ती दारापर्यंत गेली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "पाळणाघराची जागा मिळणार नाही." मग परत येऊन माग चालू केले. मालक आणि साडू एकमेकांकडे बघत राहिले. आतली गोष्ट कुणी फोडली म्हणून मालकानं पुढे महिनाभर बिचाऱ्या कारकुनाला फैलावर घेतलं.

त्या संध्याकाळीच आमचं ठरलं. उभं करायचं तर हिलाच. शिंपी आला, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आले, औषधांच्या दुकानातला आला. सगळ्यांना एकच माणूस दिसत होता, आणि त्या माणसाला सांगायचं कसं एवढाच प्रश्न होता. शेडमध्ये तिच्याबद्दल खलबत करणं महाकठीण. ती या टोकाकडून त्या टोकाचे ओठ वाचायची. म्हणून आम्ही तिच्याकडे पाठ करून बोलायला लागलो. दुसऱ्याच दिवशी तिनं मला गाठलं. "सगळ्या माझ्याकडे पाठ करून उभ्या आहात. म्हणजे बोलणं माझंच चाललंय."

मग काय, उघड उघड सांगितलं. ती नाही म्हणाली. मास्तर घरी येऊन तासभर बोलले, तरी नाही. शिंपी म्हणाला, "मी घाबरलो, ती लाज अजून जात नाही, तुम्ही नका घाबरू." तिनं त्याला चहा दिला आणि नाही म्हणाली. तिच्या यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, "ती उभी राहिली तर घरात मी आडवा पडायला मोकळा. माझी काही हरकत नाही."

शेवटी कांड्या भरणारीनं युक्ती काढली. नको ते बोलणं कुणी कानाआड करू शकतो, पण मागावर डोळे मिटता येत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शेडमधली प्रत्येक बाई, थोरलीची नजर जिच्यावर पडेल ती, ओठांनी एवढंच म्हणायची, "उभी राहा." ती धागा जोडून मान वर करायची, समोर "उभी राहा." पाणी प्यायला वळायची, हौदापाशी "उभी राहा." म्हाताऱ्याच्या जागी आलेला नवा जॉबर मागाखालून तेलकट तोंड बाहेर काढून तेच म्हणायचा. ती वैतागून म्हणायची, "उभीच आहे की सकाळपासून. बसायला दिलंय का कुणी?" आम्ही हसायचो आणि पुन्हा तेच.

एके दिवशी घरी तिनं मला दिव्याखाली ओढलं. "तू तरी गप्प बस. तुला माहीत आहे ना? सभेत कुणी पाठीमागून प्रश्न विचारेल आणि मी ठोंब्यासारखी पुढं बघत राहीन. लोक दात काढतील. आणि दुसऱ्या दिवशी मालक हातात चपला देईल. चार माग आहेत माझे, तेवढेच आहेत."

मला खरंच राग आला. तिचा नाही, त्या कानांचा. मी म्हटलं, "मग माझ्या पोरीचं पाळणाघर जाऊ दे गोदामात." हे बोलायला नको होतं. तिचा चेहरा उतरला आणि ती भाकरीच्या पिठात हात घालून बसली. मी माफीही मागितली नाही. मला वाटत होतं तेच बोलले होते.

बिनविरोधनं घाई केली नसती तर ती उभी राहिली नसती, याबद्दल मला शंका नाही. पण इतकी वर्षं कुणी आडवं न गेल्यामुळे त्याला धीर धरायची सवयच राहिली नव्हती. निवडणुकीनंतरचं काम त्यानं आधीच उरकायला घेतलं. आम्ही शेडमधून सुटून पोरांना घ्यायला गेलो तर पाळणाघराच्या फाटकाला नवं कुलूप, आणि बाहेर गल्लीत, शिंप्याच्या ओट्यावर, सगळी पोरं ओळीनं बसवलेली. सांभाळणारी बाई रडत होती. माझी धाकटी थोरलीला बघून उठली आणि कुलपाकडे बोट दाखवत काहीतरी बोलली. थोरलीनं वाकून तिचं तोंड पाहिलं. धाकटी म्हणत होती, "माझी चटई आत राहिली."

थोरली सरळ झाली. मला म्हणाली, "अर्जाची मुदत कधी संपते?"

"उद्या."

"चल मग, आजच जाऊ."

कचेरीतला अधिकारी मान खाली घालून प्रश्न विचारत होता आणि मी तिच्या शेजारी उभी राहून तिच्याऐवजी उत्तरं देत होते. तो म्हणाला, "उमेदवार कोण आहे, तुम्ही की त्या?" मी म्हटलं, "त्या. मी त्यांची जाऊ आहे, बडबड माझ्याकडे असते."

सभा कुलूप लावलेल्या फाटकासमोर ठेवली. शिंप्यानं कापड कापायचं टेबल दिलं, त्याला फळ्या जोडून व्यासपीठ केलं. ऊन असतानाच घ्यायची असं मी हट्टानं ठरवून घेतलं. कारण विचारलं तेव्हा पोरांची झोपेची वेळ सांगितली. मास्तरांनी भाषण लिहून दिलं होतं, सुरेख होतं, मला त्यातलं निम्मंच कळलं. आमच्या शेडमधले सगळे आले होते, गल्लीतले दुकानदार होते. आणि मालकही आला. समोरच्या घराच्या पायरीवर खुर्ची टाकून बसला, कोण कोण टाळ्या वाजवतं ते बघायला.

थोरली फळ्यांवर चढली. चपला सवयीनं खाली काढल्या. माईक हातात घेतला आणि "नमस्कार" म्हणाली. तेवढ्यात बिनविरोधची प्रचाराची गाडी गल्लीत शिरली. कर्णे एवढाले, गाणी लावलेली, आणि ती बरोब्बर व्यासपीठाला खेटून थांबली. दणदण असा आवाज की फळ्या थरथरायला लागल्या. मी खाली उभी होते. मला थोरलीचे पाय दिसत होते. अनवाणी पायांची बोटं तिनं जरा रोवली, खांदे सैल सोडले, माईक खाली ठेवला. आणि बोलू लागली. आवाज न काढता. नुसत्या ओठांनी.

पायाखाली माग चालू झाल्यासारखं वाटलं, असं ती नंतर म्हणाली. माग चालू असताना आवाज कोण काढतं?

औषधवाला मला म्हणाला, "यांचा आवाज गेला का?" मास्तर कपाळाला हात लावून उभे. पायरीवर मालक हसत होता. पण आमच्या शेडमधल्या बायका पुढं सरकल्या होत्या आणि माना हलवत होत्या, कारण त्यांना अक्षर न् अक्षर कळत होतं. कांड्या भरणारी वळून औषधवाल्याच्या कानात ओरडली, "मास्तरांचं भाषण छान आहे म्हणते, पण ते माझं नाही." मग जॉबर ओरडला. मग मी. ती एक वाक्य बोलायची, थांबायची आणि आम्ही सगळे ते मोठ्यानं म्हणायचो, मागच्यांनी ते आणखी मागं न्यायचं. जागा गोदामाला द्यायचं ठरलंय. आमच्या शेडच्या दारात ठरलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कर्ण्यांच्या वर आवाज चढायला लागला. गाडीच्या ड्रायव्हरला राहवेना, काय चाललंय ते ऐकायला त्यानं गाणं बंद केलं.

फळ्या थांबल्या. ती मात्र थांबली नाही. आता ती माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले, "मला ऐकू येत नाही."

शेडवाल्यांनी ते पाहिलं आणि कुणीच तोंड उघडलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पायरीवर मालक होता. मी बोलले तर तिचे चार माग गेले, न बोलले तर अजूनही झाकता येत होतं. तिनं पुन्हा ओठ हलवले, या वेळी एकच शब्द. "सांग."

मी सांगितलं. एकटीनंच, त्या शांततेत. "ती म्हणते, मला ऐकू येत नाही."

मग ती सावकाश बोलत गेली आणि मी मागोमाग. "बरीच वर्षं येत नाही. हे मीच सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ते लाजेचं वाटलं असतं. ज्याला ऐकू येतं त्याला तुम्ही इतकी वर्षं सांगताय. गळक्या छपराचं सांगितलंत. गटाराचं सांगितलंत. त्याचे कान शाबूत आहेत. त्यानं काय केलं? मला मत दिलंत तर निरोप धाडू नका. मध्यस्थ धाडू नका. समोर या, उजेडात उभे राहा आणि बोला. मी तोंड फिरवणार नाही, कारण तोंड फिरवलं तर मला काहीच कळत नाही."

माझा आवाज फाटला होता. टाळ्या कुणी आधी वाजवल्या ते मला दिसलं नाही, डोळे भरले होते. मालकाची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली नेहमीसारखी आली. चपला भिंतीशी काढल्या, चारही माग सुरू केले. मी माझ्या जागी होते, पण लक्ष दाराकडे. मालक आला. पांढरी पँट, तोंडावर रुमाल. सरळ तिच्या मागं जाऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलला. रुमालाआड काय बोलला ते आम्हाला दिसलं नाही, पण जॉबर शेजारीच होता. त्यानं आमच्याकडे वळून ओठ हलवले, "काढतोय तिला."

थोरली धागा जोडत होती. मालक पुन्हा बोलला, ओरडून बोलला, मानेच्या शिरा दिसल्या. तिला काय त्याचं. आमच्यापैकी एकीनं जरी बोट दाखवलं असतं तरी ती वळली असती. एकीनंही दाखवलं नाही. जॉबर छताचे पत्रे न्याहाळायला लागला.

शेवटी मालकाला कळलं की समोर जावं लागणार. दोन मागांमधली वाट अरुंद, दोन्हीकडे तेल. तो तिरका होऊन शिरला, पांढऱ्या पँटवर काळा पट्टा उमटला, आणि तो तिच्यासमोर उभा राहिला. बोलला. तिनं त्याच्या रुमालाकडे बोट दाखवलं आणि ओठ सावकाश हलवले, "काढ तो. तोंड दिसत नाही." आमच्या मागांच्या भाषेत सगळे एकमेकांना एकेरीच बोलतात. मालकानं आयुष्यात आमचं एक अक्षर वाचलं नव्हतं. हे वाचलं.

त्यानं रुमाल काढला. तोंड उघडलं. आणि मग त्याचं लक्ष गेलं की कांड्या भरणारी, जॉबर, मी, पलीकडच्या रांगेतल्या सगळ्याजणी त्याच्या तोंडाकडे बघतोय. कालपर्यंत त्याला वाटायचं आम्ही गाणी म्हणतो. आता त्याला माहीत होतं. तो जे म्हणेल ते इथल्या सगळ्यांना दिसणार होतं आणि दुपारपर्यंत अख्ख्या वॉर्डात पोचणार होतं. त्याच्या उघड्या तोंडात कापसाची धूळ गेली, तो खोकला, डोळे पुसले. थोरली वाट बघत उभी होती, नजर त्याच्या ओठांवर.

"या मागाला तेल घाल," तो म्हणाला.

"सकाळीच घातलंय," ती म्हणाली.

तो आला तसा तिरका होऊन बाहेर पडला. तिनं एकदा सगळ्या रांगांवरून नजर फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं आणि ओठांनी म्हणाली, "आता ते कुलूप."